पडद्यामागचं हॉलिवूड : खरं किती, पेरलेलं किती?

तिसरी घंटा

आईच्या दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला तेव्हापासून दुपारची जेवणं आटोपली की आम्ही दोघी जुने इंग्रजी सिनेमे लावून बसतो. तिला सगळे रंग नव्याने दिसतायत ("हा पडदा निळा आहे होय? मी इतकी वर्षं राखाडी समजत होते"), म्हणून पहिला मान 'द विझार्ड ऑफ ऑझ'ला दिला. सिनेमा संपला, आई लवंडली, आणि मी "हे केलं कसं असेल" म्हणून शोधायला बसले ती दिवेलागणीलाच उठले. थोडं इथे ओतते, तुमच्याकडचं तुम्ही ओता. अट एकच: ढकलपत्रातलं (फॉरवर्डमधलं) जसंच्या तसं नको, खात्री करून लिहा.

सगळ्यात आधी ते दार. वादळात उडालेलं घर खाली आदळतं, तोवर सगळं तपकिरी. नायिका डोरोथी दार उघडते आणि पलीकडे रंगांची दिवाळी. मध्ये कुठेही कट नाही. मला वाटलं फिल्मवर हाताने रंगवलं असणार. तसं काही नाही. तो शॉट आधीपासून शेवटपर्यंत रंगीत फिल्मवरच घेतलाय, घराचा आतला भागच तपकिरी रंगवून काढला होता. आणि दार उघडणारी मुलगी डोरोथी झालेली जूडी गार्लंड नाहीच! बॉबी कोशे नावाची तिची डबल आहे, तपकिरी छटेच्या झग्यात, आपल्याकडे पाठ करून. ती दार उघडून बाजूला होते, कॅमेरा पुढे सरकतो आणि मग निळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या झग्यातली खरी जूडी चौकटीत येते. म्हणजे करामत कुणाची, तर रंगाऱ्याची आणि शिंप्याची.

डोरोथीचे ते लाल चमचमते बूटही मूळ पुस्तकात चांदीचे आहेत. पण रंगीत चित्रणाच्या टेक्निकलर पद्धतीचे पैसे मोजल्यावर चांदी कोण दाखवणार? पटकथेत त्यांची माणकं झाली. (त्यातला एक जोड २००५ मध्ये मिनेसोटातल्या संग्रहालयातून चोरीला गेला, २०१८ मध्ये एफबीआयला सापडला आणि २०२४ च्या डिसेंबरात लिलावात खरेदीदाराला शुल्कासकट सव्वातीन कोटी डॉलरला पडला. अहो, बूट!)

आता दुखरी बाजू. पत्र्याच्या माणसाचं काम आधी बडी एब्सन करत होता. त्याच्या तोंडाला पांढरा थर लावून वर ॲल्युमिनियमची पूड उडवायचे. ती पूड रोज थोडी थोडी छातीत गेली. ऑक्टोबर १९३८ मध्ये शूटिंग सुरू होऊन दोन आठवडे होतात न होतात तोच एके रात्री त्याला श्वास घेता येईना, थेट हॉस्पिटल. त्याच्या जागी जॅक हेली आला आणि पुडीऐवजी लेप आला. स्टुडिओने नव्या नटाला जुना का गेला ते सांगितलं नव्हतं म्हणे. गंमत अशी की जादूगाराकडे निघालेल्या चौकडीचं जे गाणं आहे, त्या कोरसमध्ये एब्सनचा आवाज तसाच राहिलाय. आणि हा माणूस पुढे वयाच्या ९५ व्या वर्षापर्यंत जगला.

चेटकिणीचं काम करणारी मार्गारेट हॅमिल्टन एकेकाळची बालवाडीची शिक्षिका. २३ डिसेंबर १९३८ ला मंचकिनलँडमधून (मंचकिन या बुटक्यांच्या गावातून) धूर-जाळात अदृश्य होण्याचा शॉट होता. तिने जमिनीतल्या झडपेतून खाली जायचं, मग जाळ उडायचा. एका टेकला जाळ आधी उडाला. चेहरा आणि हात भाजले. त्यात तो हिरवा मेकअप तांब्याचा, राहिला तर विषारी, म्हणून भाजलेल्या कातडीवरून तो स्पिरिटने पुसून काढावा लागला. दीड महिन्याने कामावर आली ती "आता आगीचं काम करणार नाही" असं बजावूनच. मग धूर सोडणाऱ्या झाडूवर तिच्या डबलला बसवलं, तर तो झाडू फुटला आणि ती जखमी. आईने एवढं ऐकून टीव्हीच बंद करायला लावला.

आता तारखा बघा. त्याआधी तेराच दिवस, १० डिसेंबरला, त्याच कल्व्हर सिटीत दुसरी आग लागली होती, मुद्दाम लावलेली. 'गॉन विथ द विंड'मधलं अटलांटा जळतं ते दृश्य. निर्माता डेव्हिड सेल्झनिकने मोकळ्या जागेवरचे जुने सेट पेटवून दिले, त्यात 'किंग काँग'मधली बेटावरची अजस्र भिंत आणि दरवाजाही गेला. जागा रिकामी झाली आणि सीनही मिळाला, कोकणस्थी हिशेब. पण नायिकाच ठरलेली नव्हती! घोडागाडीत नायक ऱ्हेट आणि नायिका स्कार्लेट यांचे डबल बसवून आग चित्रित केली. त्याच रात्री सेल्झनिकचा भाऊ मायरन, जो एजंट होता, एका तरुण इंग्रज नटीला घेऊन आला आणि "ही घे तुझी स्कार्लेट" म्हणाला. ती व्हिव्हियन ली. जन्म १९१३, दार्जिलिंग.

दोन्ही सिनेमांवर दिग्दर्शक म्हणून नाव व्हिक्टर फ्लेमिंगचं. 'ऑझ'वर त्याच्या आधी रिचर्ड थॉर्पला काढलं होतं, मध्ये जॉर्ज क्यूकर थोडे दिवस येऊन जूडीचा सोनेरी टोप काढायला लावून गेला. मग क्यूकरला 'गॉन विथ द विंड'वरून काढलं आणि फ्लेमिंगला तिकडे ओढलं, तेव्हा 'ऑझ'चा उरलेला कॅन्ससचा, म्हणजे डोरोथीच्या घरचा तपकिरी भाग किंग व्हिडॉरने केला. ते इंद्रधनुष्याचं अजरामर गाणं व्हिडॉरने घेतलेलं, नाव फ्लेमिंगचं.

शेवटचं माझं आवडतं: 'सिंगिंग इन द रेन'मध्ये पाऊस नीट दिसावा म्हणून पाण्यात दूध मिसळलं होतं.

चला, या आता.

निमूट वाचक

वाचनखूण साठवली आहे. येऊ द्या अजून.

कोथरूडकर

मस्त धागा! 'ऑझ'बद्दल सर्वांत भारी किस्सा तुम्ही सोडलात. पिवळ्या विटांच्या रस्त्यावरून तिघं नाचत जातात तेव्हा मागे झाडांत एक मंचकिन गळफास घेतलेला दिसतो. मी स्वतः पाहिलाय, हलतो सुद्धा.

शंकासूर

कोथरूडकर, तुम्ही जे पाहिलंत तो पक्षी आहे. जंगल खरं वाटावं म्हणून सेटवर मोठे पक्षी आणून सोडले होते, त्यातला एक मागे पंख पसरतो. व्हिडिओ कॅसेटच्या धूसर प्रिंटवर त्याचा माणूस झाला आणि आता फोर-केमध्ये चोच दिसत असूनही लोकांना फासच दिसतो. शिवाय मंचकिनवाल्यांचं काम तेव्हा सुरूच झालं नव्हतं.

कोथरूडकर

चोच? थांबा, परत बघतो.

कोथरूडकर

प्रकाटाआ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

बॅकलाइट दादा

ताई, लेख झकास. पण ते दुधाचं खोडा. मी वीस वर्षं लाइटचं काम करतोय, गोरेगाव-मढला मालिकांचा निम्मा पाऊस मीच पाडलाय, म्हणून हक्काने सांगतो.

पाऊस दुधाने दिसत नाही, मागच्या दिव्याने दिसतो. कॅमेऱ्याच्या बाजूने उजेड टाकलात तर तो थेंबातून पार निघून जातो, पाणी पडतंय हे माणूस भिजल्यावरच कळतं. तोच दिवा नटाच्या मागे, उंचावर नेऊन कॅमेऱ्याच्या दिशेने मारा, प्रत्येक थेंब काचेसारखा पेटतो. घरी करून बघा. रात्री स्वयंपाकघरातला दिवा बंद करा, नळाची बारीक धार सोडा, मोबाइलची बॅटरी आधी तुमच्या बाजूने मारा, मग धारेच्या पलीकडून. गाणं परत लावा आणि नायक जीन केलीच्या मागची दुकानं बघा: काचांतून उजेड, वर दिव्याचा खांब, टोपीच्या कडेला पांढरी रेघ. सगळं मागून उजळलंय. बरं, ते घेतलं दिवसा. स्टुडिओतल्या रस्त्यावर वर काळ्या ताडपत्र्या टाकून रात्र केली होती. ताडपत्रीखाली, तापलेल्या दिव्यांत, दुधाचं पाणी? दुपारपर्यंत वासाने युनिट पळालं असतं.

माझा स्वतःचा अनुभव. एका मालिकेत (नाव नको, अजून पेमेंट यायचंय) दिग्दर्शकाने हाच किस्सा वाचला होता. ऐकेनाच. शेवटी प्रॉडक्शनवाल्याने टँकरमध्ये पिशव्या फोडून दूध ओतलं. मॉनिटरवर फरक शून्य. मग मी गुपचूप मागचा दिवा चार फूट वर घेतला. दिग्दर्शक म्हणाला, "बघ, दिसतोय की नाही आता? दूध!" मी हो म्हटलं. संध्याकाळपर्यंत मढ आयलंडची झाडून सगळी मांजरं सेटवर.

१०३ डिग्री तापात केलीने ते गाणं केलं, हे मात्र खरं.

तिसरी घंटा

दंडवत दादा! मीच अट घातली आणि मीच मोडली. दूध मागे घेतलं. मूळ लेखात तसंच ठेवते, नाहीतर तुमच्या प्रतिसादाला अर्थ उरणार नाही.

निमूट वाचक

मांजरं =))

आवाज कुणाचा

'सिंगिंग इन द रेन'चा विषय निघालाय तर माझ्या धंद्यातली गोष्ट सांगते. मी डबिंग करते, बहुतेक कार्टून आणि दाक्षिणात्य नायिकांच्या मैत्रिणी.

सिनेमाची गोष्टच डबिंगची आहे. मूकपट संपून बोलपट आलेत. लीना ही मोठी नटी, पण आवाज म्हणजे पत्र्यावर खिळा. म्हणून पडद्यामागे उभी राहून कॅथी तिला आवाज देते. लीना झालीय जीन हेगन, कॅथी झालीय डेबी रेनॉल्ड्स, वय १९. आता तो प्रसंग बघा जिथे कॅथी माइकसमोर उभी राहून लीनाचे प्रेमाचे संवाद डब करते. खानदानी, गोल, मऊ आवाज. तो डेबीचा नाहीच! तो जीन हेगनचा स्वतःचा, खरा आवाज. डेबीचं बोलणं त्यांना पुरेसं घरंदाज वाटलं नाही. म्हणजे पडद्यावर डेबी हेगनला आवाज देतेय आणि प्रत्यक्षात हेगन डेबीला, तेही स्वतःच्याच डबिंगसाठी. आणि त्याच भागातलं 'वुड यू' हे गाणं ना हिने गायलंय ना तिने, ते बेटी नॉयजने गायलंय. सिनेमाभर जिच्यावर झालेला अन्याय दूर होतो, शेवटी पडदा वर जाऊन खरी गायिका जगाला दिसते, त्याच सिनेमाच्या नामावलीत बेटी नॉयजचं नाव नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बूथमधून बाहेर येऊन चहा प्यायले. नावाचं काय असतं ते आम्हाला विचारा.

डेबी त्याआधी नाचायची नाही. जिम्नॅस्टिक्स येत होतं, तेवढ्यावर केलीने घासून घेतली. 'गुड मॉर्निंग' गाणं सकाळी आठला सुरू झालं ते रात्री अकराला संपलं. पायातून रक्त. तालमीच्या काळात एकदा पियानोखाली बसून रडत होती, तिथे फ्रेड अस्टेअरने तिला पाहिलं, आणि स्वतःची तालीम दाखवायला घेऊन गेला. घामाने डबडबलेला, चिडलेला अस्टेअर बघून तिला बरं वाटलं. मला हा किस्सा सगळ्यात जास्त आवडतो, कारण यात कोणी कोणाला उपदेश करत नाही.

शंकासूर

+१. आणि हे लिखित पुराव्यांचं आहे, हवेतलं नाही.

आता माझं म्हणणं. 'खात्रीचं' काय आणि 'ऐकीव' काय हे वेगळं करणं हॉलिवूडच्या बाबतीत अवघड का, तर अर्ध्या पुड्या स्टुडिओंनीच सोडलेल्या. प्रत्येक स्टुडिओचं प्रसिद्धी खातं होतं आणि त्यांचं कामच वर्तमानपत्रांना रोज काहीतरी देणं. उत्तम नमुना 'कॅसाब्लांका'. नायक रिकचं काम (जे हम्फ्री बोगार्टने केलं) आधी रोनाल्ड रेगनला मिळणार होतं, हे आजही लोक शपथेवर सांगतात. मूळ काय? जानेवारी १९४२ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने बातमी दिली की रेगन आणि ॲन शेरिडन या चित्रपटात येतायत. नटांची नावं छापून येत राहावीत म्हणून सोडलेली पुडी. रेगन सैन्याच्या राखीव दलात होता, त्या एप्रिलमध्ये हजरही झाला. निर्माता हॅल वॉलिसच्या डोक्यात बोगार्टच होता. पुढे रेगन राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्या पुडीला सोन्याचा भाव आला.

उलट जे खरंच घडलं ते कोणी मुद्दाम रचलं असतं तर आपण हसलो असतो. शेवटचा विमानतळ स्टुडिओच्या आत आहे. मागचं विमान खोटं, लाकूड-पुठ्ठ्याचं आणि खऱ्यापेक्षा बरंच लहान. मग ते लांब आहे असं वाटावं म्हणून त्याच्याजवळ वावरणारे मेकॅनिक म्हणून बुटकी माणसं घेतली आणि उरलंसुरलं धुक्याने झाकलं. ज्या धुक्यावर कविता झाल्या ते धुकं म्हणजे पुठ्ठा झाकायची चादर. 'मैत्रीची सुरुवात' हे शेवटचं वाक्य शूटिंगनंतर वॉलिसने लिहिलं आणि बोगार्टला परत बोलावून डब केलं. म्हणूनच तेव्हा रिक आणि त्याच्याबरोबरचा कॅप्टन दोघंही पाठमोरे आहेत.

पियानो वाजवणारा सॅम, म्हणजे डूली विल्सन, मुळात ड्रम वाजवणारा. पियानो येत नव्हता. एलियट कार्पेंटर कॅमेऱ्याबाहेर, विल्सनला हात दिसतील असा बसून वाजवायचा आणि हा तसे हात हलवायचा. संगीतकार मॅक्स स्टायनरला सॅमचं 'ॲज टाइम गोज बाय' हे गाणंच आवडलं नव्हतं, बदलायचं होतं. पण बदलायचं तर ती दृश्यं परत घ्यावी लागणार आणि इनग्रिड बर्गमनने तोवर पुढच्या सिनेमासाठी केस बारीक कापले होते. एका न्हाव्यामुळे ते गाणं वाचलं.

मीनाक्षी_वाचते

शंकासूर, 'कॅसाब्लांका'त धुक्यापेक्षा मोठी गोष्ट माणसांची आहे. रिकच्या हॉटेलात बसलेले निर्वासित खरंच निर्वासित होते. 'ला मार्सेयेज' हे फ्रान्सचं राष्ट्रगीत म्हणताना डोळ्यांत पाणी असलेली ती तरुण मुलगी मादलेन लबो, १९४० मध्ये जर्मन पॅरिसवर आले तेव्हा नवऱ्याबरोबर लिस्बनमार्गे पळालेली. नवरा मार्सेल दालियो, तोही त्याच सिनेमात, जुगाराच्या टेबलावरचा. नाझी मेजर झालेला कॉनराड फाइट जर्मनीतला बडा नट, बायको ज्यू, १९३३ मध्ये देश सोडला आणि इंग्लंड-अमेरिकेत त्याच्या वाट्याला नाझी अधिकारीच आले. एप्रिल १९४३ मध्ये गेला, युद्धाचा शेवट त्याने पाहिलाच नाही. तो प्रसंग चित्रित होताना फ्रान्स अजून जर्मनांच्या ताब्यात होता हे लक्षात ठेवून परत बघा.

आणि घंटाताई, राग मानू नका, पण तुमच्या 'गॉन विथ द विंड'च्या परिच्छेदात एक नाव नाही. स्कार्लेटच्या दाईचं काम करणारी हॅटी मॅकडॅनियल. १५ डिसेंबर १९३९ ला अटलांटात प्रीमियर झाला, शहरभर सोहळा, आणि तिला जाता आलं नाही, कारण जॉर्जियात गोऱ्यांच्या थिएटरात ती बसू शकत नव्हती. २९ फेब्रुवारी १९४० ला तिला ऑस्कर मिळालं, ते मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. समारंभ अँबेसेडर हॉटेलात. तिथे काळ्यांना प्रवेश नव्हता, सेल्झनिकला शब्द टाकावा लागला. बाकी कलाकार एका टेबलावर, ती भिंतीलगतच्या वेगळ्या छोट्या टेबलावर. पेटवलेल्या भिंतीपेक्षा ही भिंत मला जास्त दिसते.

तिसरी घंटा

राग कसला, बरोबर आहे. शोधताना ते वाचलं होतं आणि 'गमतीच्या धाग्यात नको' म्हणून गाळलं. गाळायला नको होतं.

गिरगावचे खवट आजोबा

बराच वेळ गप्प बसलो होतो. दार्जिलिंगच्या व्हिव्हियन लीचं कौतुक चाललंय, आणि आमची मुंबईची मुलगी कोणालाच आठवू नये?

मर्ल ओबेरॉन. जन्म १९११, मुंबई. अँग्लो-इंडियन, घरची गरिबी, पुढे कलकत्त्यात वाढली, तिथून इंग्लंड, तिथून हॉलिवूड. १९३५ च्या 'डार्क एंजल'साठी ऑस्करचं नामांकन मिळवलं. पण जगाला सांगितलं काय, तर मी टास्मानियात जन्मले. हीही प्रसिद्धी खात्याचीच पुडी, शंकासूर. तेव्हाच्या सेन्सॉरच्या नियमांत गोऱ्या-काळ्यांचा प्रणय दाखवायला बंदी होती. खरं कळतं तर नायिका म्हणून कारकीर्दच संपली असती. घरात जी बाई राहायची तिला लोकांसमोर मोलकरीण म्हणून दाखवायची, आणि ती हिला वाढवणारी, जिला ही आई म्हणायची ती शार्लट होती. सगळा जन्म धास्तीत काढला. खरं बाहेर आलं ते ती १९७९ मध्ये गेल्यावर.

आता तुमच्या तारखांत हे बसवा. १९३८ च्या डिसेंबरात ओबेरॉन सॅम्युएल गोल्डविनच्या 'वदरिंग हाइट्स'मध्ये कॅथीचं काम करत होती, नायक लॉरेन्स ऑलिव्हिए. ऑलिव्हिएला कॅथी म्हणून व्हिव्हियन ली हवी होती, दोघांचं जमलेलं होतं. तिला दुय्यम भूमिका देऊ केली, तिने नाकारली. ऑलिव्हिए एकटा अमेरिकेला आला, मागोमाग ती त्याला भेटायला आली, आणि ऑलिव्हिएचा एजंट मायरन सेल्झनिक तिला त्या रात्री आग बघायला घेऊन गेला. म्हणजे मुंबईच्या मुलीने कॅथी पटकावली नसती तर दार्जिलिंगच्या मुलीला स्कार्लेट मिळाली असती का? विचार करा. सेटवर ऑलिव्हिए ओबेरॉनशी फटकून वागायचा, हे ओघाने आलंच. एकदा प्रणयप्रसंगात त्याची थुंकी उडते म्हणून हिने तक्रार केली, त्यावरून जुंपली होती.

आणि शेवटी दोघांची भुतं हातात हात घालून टेकडीवर जातात ना? दिग्दर्शक विल्यम वायलरने तो शॉट घ्यायला साफ नकार दिला होता. गोल्डविनला गोड शेवट हवा, त्याने दुसऱ्याकडून, दोघांचेही डबल घेऊन, पाठमोरे चालवून घेतला.

पाठमोरं कोणी दिसलं की डबल समजावं, असं या धाग्यावरून दिसतंय.

बॅकलाइट दादा

आजोबा, सलाम! आमच्या पेटीतला एक दिवा या बाईच्या नावाचा आहे. १९३७ मध्ये लंडनला तिला मोटार अपघात झाला, चेहऱ्यावर व्रण राहिले. पुढे ल्यूसियन बॅलार्ड या कॅमेरामनने कॅमेऱ्याच्या लेन्सलगतच एक छोटा सौम्य दिवा बसवला. उजेड अगदी समोरून आला की व्रणाची सावलीच पडत नाही, त्वचा सपाट दिसते, डोळ्यांत चमक येते ती वेगळी. त्याला 'ओबी' म्हणतात, ओबेरॉनवरून. बॅलार्डने पुढे तिच्याशी लग्नच केलं. आम्ही सेटवर आय-लाइट म्हणतो. आता समजलं, मुंबईच्या मुलीचा दिवा फिरून मुंबईत आला.

(थेंबाला मागून, व्रणाला समोरून. संपला लाइटिंगचा कोर्स.)

बे एरियातला बंडू

उशिरा येतोय. मागच्या उन्हाळ्यात आम्ही ३९५ हायवेने सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी लोन पाइनला थांबलो. गावाबाहेर अलाबामा हिल्स म्हणून गोल गोल खडकांच्या टेकड्या आहेत, मागे बर्फाचे डोंगर. तिथे १९३९ च्या 'गंगा दीन'चं शूटिंग झालं, म्हणजे आपला वायव्य सरहद्द प्रांत. पडद्यावर हत्ती, पलटणी, मंदिर, सगळं या कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात. माझ्या मुलाने तिथे उभं राहून विचारलं, "बाबा, खैबरखिंड इथे आहे?" मी म्हटलं, त्या वर्षी होती.

१९३९ हे वर्ष मात्र काय खाऊन आलं होतं कोण जाणे. ऑझ, गॉन विथ द विंड, वदरिंग हाइट्स, गंगा दीन, सगळं एकाच वर्षात.

कोथरूडकर

या वेळी खात्री करून आलोय. हिचकॉकचा 'सायको'. न्हाणीघरातला खून पडद्यावर मिनिटभराच्या आत, शूटिंग एक आठवडा, डिसेंबर १९५९. कॅमेऱ्याच्या ७८ वेगवेगळ्या जागा. नायिका जॅनेट लीची डबल होती मार्ली रेन्फ्रो. रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप, कृष्णधवलमध्ये तेच जास्त रक्तासारखं दिसतं. सुरा लागल्याचा आवाज खरबुजाचा. प्रॉप्सवाल्याने टेबलावर नाना जातींची खरबुजं मांडली, एकेकात सुरा खुपसत गेला, हिचकॉक डोळे मिटून ऐकत होता. शेवटी डोळे उघडून एकच शब्द: "कसाबा." (कसाबा ही खरबुजाची जात. कसबा पेठेशी संबंध नाही, मी आधीच सांगतो.) आणि मूळ बेत असा की त्या प्रसंगाला संगीतच नको. बर्नार्ड हर्मनने तरीही ते किंचाळणारं व्हायोलिन लिहून ऐकवलं, मग हिचकॉकने मत बदललं.

शंकासूर

कोथरूडकर, एकही चूक नाही. अभिनंदन. मला करमणार नाही आता.

आवाज कुणाचा

आमच्याकडे मारामारीला अजून कोबी आणि पडवळ वापरतात. जेवणाच्या सुट्टीत त्याचीच भाजी होते असा माझा संशय आहे.

गिरगावचे खवट आजोबा

जाता जाता एक. 'गॉन विथ द विंड'च्या छायाचित्रणाचं ऑस्कर दोघांना विभागून मिळालं, त्यातला एक अर्नेस्ट हॉलर. हा हॉलर पुढे मुंबईत येऊन काम करून गेला, कोणासाठी? सोहराब मोदींसाठी. १९५३ ची 'झाँसी की रानी', भारतातला पहिला टेक्निकलर चित्रपट. ज्याने स्कार्लेट टिपली त्यानेच आपली झाशीवाली टिपली. नायिका मेहताब. प्रचंड खर्च केला होता, आणि सपाटून आपटला. माझे वडील मोदींचे भक्त, दोनदा पाहून आले, घरी येऊन म्हणाले, "रंग छान आहेत." एवढंच. ते भक्त होते म्हणून एवढं तरी म्हणाले.

निमूट वाचक

आजोबा, हे माहीत नव्हतं. पहिल्यांदाच दुसरा प्रतिसाद देतोय... नाही, तिसरा.

तिसरी घंटा

आज परत 'ऑझ' लावला, फक्त ते दार. आईला काही सांगितलं नव्हतं. रिमोट हातात धरून बसले. दार उघडलं, ती पाठमोरी बाजूला झाली, निळा झगा आला. आई म्हणाली, "मागे घे जरा." घेतलं. "अजून मागे." मग म्हणाली, "ही दार उघडणारी तीच मुलगी नाही गं. हिचे खांदे बघ." इतकी वर्षं पोरींची पोलकी शिवलीत तिने, खांद्याला ती फसत नाही. मी बॉबी कोशेचं नाव सांगितलं, तर म्हणाली, "मग सुरुवातीला नावं येतात त्यात हिचं दाखव." ते कुठून दाखवू?

उद्या 'सिंगिंग इन द रेन'. बॅकलाइट दादा, तुमचा नळाचा प्रयोग आत्ताच केला. माझ्या बाजूने बॅटरी मारली तेव्हा धार जेमतेम, पलीकडून मारली तर खरंच पेटली. आई बॅटरी धरून ओट्याच्या कोपऱ्यात उभी होती, तिला म्हटलं जरा वर, अजून वर, तर तिने ती सिंकमध्ये पाडली. मोबाइल तांदळात ठेवलाय. हे आयपॅडवरून लिहितेय, ओटा अजून पुसायचाय.